छायांकित क्षेत्रांचा थरक्रम आणि बोलींचे आलेख

१

बोलींच्या अभ्यासात आलेखाचा व नकाशाचा उपयोग आता इतका रूढ झाला आहे की, प्रबंधात एखादे रंगविलेले चित्र नसेल तर परीक्षकालाच चुकल्यासारखे वाटावे. मजकुरातील प्रत्येक विधान आपण पारखून घेतो. चित्रातील विधान पारखण्याची मात्र आपल्याला सवय नाही. चित्र हे विधानाचे स्पष्टीकरण होय, ते स्वतः विधान नव्हे, अशी आपली समजूत असते. ही समजूत कितपत खरी आहे, हे एका लहानशा तांत्रिक बाबीच्या आधारे तपासून पाहण्याचे प्रस्तुत लेखात योजिले आहे. एकाच आलेखात दोन किंवा अधिक छायांकित क्षेत्रे परस्परांवर येतात, तेव्हा कोणते वर असावे आणि कोणते खाली, हा क्रम म्हणजे ती बाब होय.

ह्या प्रश्नाकडे प्रस्तुत लेखकाचे लक्ष वेधले ते स्वतःच्याच एका चुकीमुळे. कर्जत व खालापूर ह्या तालुक्यांतील बोलींविषयी पदव्युत्तर वर्गात बोलावयाचे होते. त्यासाठी संगणकीय अक्षरजुळणीच्या साधनाने एक आलेख सिद्ध केला. आडव्या अक्षावर नेरळपासून कर्जतवरून खोपोलीपर्यंतचा मार्ग, उभ्या अक्षावर त्या त्या ठिकाणी एकेका बोलीचा आढळ, अशी त्याची योजना होती. आकडे मोजलेले नव्हते. कल्पना समजावी एवढ्यापुरतेच ते धरलेले होते आणि तसे वर्गात सांगितलेही होते. खोऱ्यातील शेतकरी वर्गाची मराठी, ठाकरी आणि कातकरी असे तीन वक्र काढून प्रत्येकाखालील क्षेत्र रंगविले. कातकरीची उपेक्षा फार झाली आहे, तेव्हा तिचा उल्लेख प्रथम असावा, ह्या भावनेने तिचा वक्र सर्वांत आधी लिहिला. पडद्यावर आलेख आला तेव्हा खोऱ्यातील मराठीचा रंग आडव्या अक्षाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेला होता आणि कातकरीचे क्षेत्र कोठेच दिसत नव्हते. ही गोष्ट लेखकाच्या ध्यानात येण्यापूर्वीच एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, ह्या पट्ट्यात कातकरी बोलली जात नाही काय?”

जिला मान द्यावा म्हणून प्रथम लिहिले, तीच प्रथम झाकली गेली. आकडे बदलले नव्हते, वक्र चुकला नव्हता, सूचीत नावही यथास्थित होते. चुकला होता तो केवळ क्रम. आणि त्या क्रमाने एक संपूर्ण असत्य विधान केले होते.

२

असे का घडते, हे समजण्यासाठी ह्या साधनांची रीत थोडी पाहिली पाहिजे. डोनाल्ड नूथ ह्यांनी १९७८ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेल्या ‘टेक्’ ह्या अक्षरजुळणी-प्रणालीवर आज गणिती मजकुराचे बरेचसे मुद्रण चालते. तिच्या आधारे चित्रे काढण्यासाठी टिल टांटाउ ह्यांनी ‘टिक्झ’ हे साधन रचले, आणि त्यावर आलेखांसाठी ख्रिस्तियान फॉयरझेंगर ह्यांनी ‘पीजीएफप्लॉट्स’ उभारले. ह्या सर्वांच्या मुळाशी चित्रकाराची साधी रीत आहे. जे आधी लिहिले ते आधी रंगविले जाते. जे नंतर लिहिले ते त्याच्यावर बसते. १९८४ मध्ये आलेल्या ‘पोस्टस्क्रिप्ट’ ह्या पृष्ठवर्णनभाषेतही हाच नियम होता. तेथील रंग अपारदर्शक, म्हणून नंतरचा रंग आधीच्याला पूर्ण झाकीत असे. गद्यात प्रथम आलेल्या गोष्टीला अग्रक्रम मिळतो. चित्रात तो शेवटी आलेल्या गोष्टीला मिळतो. गद्याच्या सवयीने चित्र लिहिणाऱ्याची फसगत होते, ती ह्या विरोधामुळे.

लिहिण्याचा क्रम आणि रंगविण्याचा क्रम ह्यांची ही गाठ सोडविता यावी म्हणून थरांची व्यवस्था निघाली. टिक्झमध्ये प्रथम थराचे नाव जाहीर करावयाचे आणि मग थरांची यादी खालून वर अशा क्रमाने द्यावयाची. नाव जाहीर केले, परंतु यादीत घातले नाही, तर तो थर चित्रात येतच नाही. पीजीएफप्लॉट्समध्ये ही यादी तयारच मिळते. तळाशी अक्षाची पार्श्वभूमी, तिच्यावर जाळी, मग खुणा, अक्षरेषा व त्यांवरील अंक. त्यावर ‘प्री मेन’ म्हणजे मुख्य थराच्या अगोदरचा थर, त्यावर मुख्य थर आणि सर्वांत वर वर्णनाचा मजकूर व अग्रभूमी. दोन वक्रांमधील क्षेत्र भरण्याची जी स्वतंत्र सोय आहे, ती आपण होऊनच भरलेला रंग ‘प्री मेन’ थरावर टाकते. त्यामुळे वक्राची रेषा रंगाखाली दबत नाही. वक्राखालचे क्षेत्र साध्या रीतीने भरले तर मात्र रेषा व रंग दोन्ही मुख्य थरावरच राहतात, आणि पुढचा रंग मागची रेषाही गिळून टाकतो. लेखकाच्या आलेखात हेच झाले होते.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावयास हवी. थरांची यादी कितीही काळजीपूर्वक केली, तरी एका थराच्या आत पुन्हा लिहिण्याचाच क्रम चालतो. तीन क्षेत्रे एकाच ‘प्री मेन’ थरावर टाकली तर त्यांपैकी शेवटचे वर येणारच. म्हणजे साधन प्रश्न सोडवीत नाही. प्रश्न कोठे सोडवावयाचा ती जागा तेवढी दाखविते. निर्णय लिहिणाऱ्यालाच करावा लागतो. त्याने तो केला नाही तर यंत्र करते, आणि यंत्राने केलेला निर्णय वाचकाला संशोधकाचाच वाटतो.

३

ह्यावर एक उपाय नेहमी सुचविला जातो, तो पारदर्शकतेचा. रंग अर्धपारदर्शक केला की खालचेही दिसेल आणि वरचेही. मग क्रमाचा वाद उरणारच नाही, असे म्हणतात. ‘पीडीएफ’ ह्या स्वरूपात २००१ च्या १.४ ह्या आवृत्तीपासून पारदर्शकतेची सोय झाली, आणि तेव्हापासून हा उपाय सर्रास वापरला जातो. हा उपाय कितपत पुरा पडतो, ते हिशेब करून पाहू.

दोन क्षेत्रे आहेत आणि दोहोंची घनता निम्मी, म्हणजे ५० टक्के, ठेवली आहे. जेथे ती एकमेकांवर येतात तेथे डोळ्याला मिळणाऱ्या रंगात वरच्याचा वाटा ५० टक्के असतो. उरलेल्या निम्म्यापैकी निम्मा, म्हणजे २५ टक्के, खालच्याचा. आणि बाकीचा २५ टक्के कोऱ्या कागदाचा. तिसरे क्षेत्र आले तर वाटणी ५०, २५, साडेबारा आणि कागदाचा साडेबारा अशी होते. क्रम उलटा केला की वाटेही उलटतात. तात्पर्य, पारदर्शकतेने थरांची उतरंड मोडत नाही. ती सौम्य होते इतकेच. घनता २० टक्क्यांवर आणली तर वरच्याचा वाटा २० आणि खालच्याचा १६ एवढा, म्हणजे भेद बराच कमी होतो. परंतु मग कागदाचा वाटा ६४ टक्के राहतो आणि छायाच फिकी पडते. न्याय करावा तर दिसत नाही, आणि दिसावे तर न्याय होत नाही, अशी ही अडचण आहे. पोर्टर व डफ ह्यांनी १९८४ मध्ये चित्रांच्या संयोगाचे जे बीजगणित मांडले, त्यातील ‘वर ठेवणे’ ही क्रिया क्रमनिरपेक्ष नाही, हे त्यांच्या सूत्रांवरूनच स्पष्ट होते.

क्रमनिरपेक्ष अशी क्रिया आहे ती गुणाकाराची. रंगांची मूल्ये परस्परांशी गुणून मिश्रण केले तर कोणते वर आणि कोणते खाली ह्याला अर्थ राहत नाही. पण तेथे दुसरे संकट उभे राहते. गुणाकाराने प्रत्येक वेळी रंग गडद होत जातो. तीन क्षेत्रे जेथे जुळतात तो तुकडा काळपट दिसतो आणि साऱ्या चित्रातील महत्त्वाची जागा तीच, असे वाचकाला वाटते. शिवाय निळा व पिवळा मिळून हिरवा झाला की हिरवी म्हणून एखादी चौथीच बोली तेथे नांदत असावी, असा भास होतो. सूचीत हिरव्याचे नाव नसते, म्हणून वाचक गोंधळतो. संगणकापूर्वीच्या नकाशाकारांची रेघांची रीत ह्या बाबतीत अधिक प्रामाणिक म्हणावी लागेल. एका क्षेत्राला उजवीकडे झुकणाऱ्या रेघा, दुसऱ्याला डावीकडे झुकणाऱ्या. जेथे दोन्ही आहेत तेथे जाळी. तीत कोणी कोणाला झाकीत नाही, नवा रंग निर्माण होत नाही, आणि काळ्या शाईच्या छपाईतही अर्थ टिकतो. आपल्यासारख्या पत्रिकांचे अंक पुष्कळदा एकाच शाईत निघतात, हेही येथे विसरून चालणार नाही.

४

भाषाविज्ञानाच्या इतिहासात ह्या प्रश्नाला निरनिराळी उत्तरे दिली गेली आहेत. त्यांतील काहींचा येथे विचार करणे उपयुक्त होईल.

पीटरसन व बार्नी ह्यांनी १९५२ मध्ये इंग्रजीच्या अमेरिकन रूपातील दहा स्वरांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ७६ वक्त्यांच्या उच्चारांचे पहिले दोन स्वनपट्ट एका आलेखावर मांडलेले आहेत. प्रत्येक स्वराभोवती एक बंद वक्र काढलेला आहे. पण आतील जागा रंगविलेली नाही. त्यामुळे दोन स्वरांची क्षेत्रे कोठे एकमेकांत शिरतात ते स्पष्ट दिसते. आणि हे शिरणेच त्या अभ्यासाचा महत्त्वाचा निष्कर्ष आहे. एकच ध्वनिमान एका वक्त्याच्या तोंडी एक स्वर असतो आणि दुसऱ्याच्या तोंडी दुसरा. ही क्षेत्रे अपारदर्शक रंगांनी भरली असती तर निष्कर्षच झाकला गेला असता. अलीकडील प्रबंधांत स्वरांची लंबवर्तुळे गडद भरून एकावर एक ठेवलेली पाहिली म्हणजे, साधने वाढली तशी जागरूकता वाढली नाही, असे वाटते.

फ्रान्समध्ये जिल्येराँ व एदमाँ ह्यांनी १९०२ पासून १९१० पर्यंत जो भाषानकाशासंग्रह प्रसिद्ध केला, त्यात छाया मुळी नाहीच. एदमाँ ह्यांनी ६३९ ठिकाणी जाऊन जे ऐकले, ते त्या त्या बिंदूवर लिहिलेले आहे. क्षेत्र कोठून कोठपर्यंत, हे वाचकाने ठरवावयाचे. असा नकाशा वाचणे कष्टाचे असते. परंतु जे पाहिले नाही त्यावर रंग फिरविण्याचा मोह त्यात टाळलेला आहे.

आपल्याकडील ‘लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया’चा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. ग्रिअर्सन ह्यांच्या संपादनाखाली तो स्टेन कोनो ह्यांनी सिद्ध केला. उत्तर कोकणातील आगरी, कोळी, ठाकरी, वारली, कातकरी अशा बोलींची त्याच्या मजकुरात स्वतंत्र दखल घेतलेली आहे. पण भाषानकाशाची सर्वसाधारण रीत ‘एका प्रदेशाला एक रंग’ अशी असते. मराठीचा प्रदेश म्हणून एकदा सलग रंग भरला की मजकुरात वेगळे दाखविलेले सारे त्या रंगाखाली जाते. आणि विद्यार्थी मजकुरापेक्षा नकाशाच अधिक काळ लक्षात ठेवतो. ह्याउलट अ. मा. घाटगे ह्यांनी १९६० नंतरच्या दशकात मराठीच्या बोलींच्या पाहणीची जी मालिका काढली, तीत कुडाळी, वारली अशा एकेका बोलीला एकेक पुस्तक दिलेले आहे. कोणाला वर ठेवावयाचे हा प्रश्नच त्यामुळे उद्भवत नाही. मात्र दोन बोली एकाच गावात कशा नांदतात, हे एका पुस्तकावरून कळत नाही. ही उणीव भरून काढणारा अभ्यास म्हणून गंपर्झ व विल्सन ह्यांच्या १९७१ मधील, सांगली जिल्ह्यातील कुपवाड गावाविषयीच्या लेखाकडे बोट दाखविता येईल. मराठी, कन्नड व उर्दू ह्या भाषा एकाच गावात पिढ्यान् पिढ्या बोलल्या जाऊन त्यांची वाक्यरचना कशी जवळ आली, हे त्यात दाखविले आहे. अशा गावाला नकाशावर कोणता रंग द्यावयाचा?

५

आता कर्जत-खालापूरकडे वळू. ह्या प्रदेशाचे वैशिष्ट्य असे की, येथे सलग छायेची कल्पना जवळजवळ प्रत्येक बाजूने अपुरी पडते.

प्रथम भूगोल पाहावा. उल्हास नदी कर्जतवरून उत्तरेस कल्याणकडे जाते, तर पाताळगंगा खोपोलीवरून पश्चिमेस खाडीकडे. दोन शेजारी तालुक्यांचे पाणी असे दोन दिशांना जाते. पूर्वेस बोरघाट, त्यातील लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाला आणि देशावरील बोलण्याशी येथील संपर्क वाढला. शासकीय सीमाही स्थिर राहिल्या नाहीत. कर्जत पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते; ते १८९१ मध्ये कुलाबा जिल्ह्यात आले. खालापूर हा तेव्हा कर्जतचाच महाल होता. कुलाब्याचे रायगड हे नाव १९८१ मधील. तेव्हा जिल्हावार रंगविलेल्या दोन वेगवेगळ्या काळांतील नकाशांत हीच माणसे दोन वेगळ्या रंगांखाली सापडतील; त्यांच्या बोलण्यात त्यामुळे काही फरक पडला असे नव्हे.

दुसरी बाब भाषिक लक्षणांची. ‘ण’च्या जागी ‘न’, म्हणजे ‘पाणी’चे ‘पानी’, हे लक्षण घाटाच्या दोन्ही बाजूंच्या ग्रामीण बोलण्यात फार दूरवर आढळते. ‘ड’च्या जागी ‘र’, म्हणजे ‘गाडी’ची ‘गारी’, हे मात्र खाडीकडील आगरी व कोळी बोलण्याचे विशेष होय. पहिल्या लक्षणाची छाया मोठी, दुसरीची लहान आणि पहिलीच्या आत येणारी. येथे लहान क्षेत्र वर ठेवले की काम भागते. परंतु दोन क्षेत्रे एकमेकांना छेदतात, म्हणजे प्रत्येकाचा काही भाग दुसऱ्याच्या बाहेर असतो, तेव्हा कोणताही क्रम निर्दोष होऊ शकत नाही. जो थर वर, त्याची सीमा पूर्ण दिसते. जो खाली, त्याची तुटते. आणि बोलींच्या लक्षणांची क्षेत्रे बहुधा छेदणारीच असतात.

तिसरी बाब सर्वांत महत्त्वाची. कातकरी बोलीला सलग असे क्षेत्रच नाही. खैरापासून कात काढण्याच्या व्यवसायावरून ज्यांना हे नाव मिळाले, त्या ह्या जमातीचा समावेश शासनाने विशेष असुरक्षित आदिवासी गटांत केलेला आहे. तिच्या वस्त्या गावाच्या कडेला, कातकरवाडी म्हणून, सुट्या सुट्या असतात. पावसाळा संपला की पुष्कळ कुटुंबे वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या कामावर जातात आणि पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर परततात. म्हणजे जानेवारीत वाडीवर गेलेल्या सर्वेक्षकाला जे चित्र दिसेल ते ऑगस्टमध्ये जाणाऱ्याला दिसणार नाही. शिवाय बाहेरच्या माणसाशी ते मराठीतच बोलतात; घरची बोली घरात राहते. सर्वेक्षकाच्या कानावर प्रथम पडते ती मराठी, आणि पुष्कळदा शेवटपर्यंत तीच पडते. ठाकरांच्या डोंगरउतारावरील वाड्यांविषयीही, काही अंशी, हेच म्हणता येईल.

येथे आलेखातील थर आणि समाजातील थर ह्यांचे विलक्षण साम्य दिसून येते. फर्ग्युसन ह्यांनी १९५९ मध्ये एकाच समाजातील ‘उच्च’ व ‘नीच’ भाषारूपांची जी मांडणी केली, ती एका भाषेच्या दोन रूपांविषयी आहे, आणि त्यांतील उच्च रूप घरच्या बोलण्यासाठी कोणी वापरीत नाही. म्हणून ती येथे जशीच्या तशी लागू करणे योग्य नव्हे. तरी वर-खालीची कल्पना भाषाविज्ञानात किती खोल रुजली आहे, हे तीवरून कळते. ‘अधःस्तर’ ही संज्ञा तर आपण रोज वापरतो. जी बोली समाजात झाकलेली आहे तीच आलेखातही झाकली गेली तर कोणाला खटकत नाही. उलट चित्र ‘स्वाभाविक’ वाटते. लेखकाच्या वर्गातील त्या आलेखाला बाकीच्या कोणीही हरकत घेतली नव्हती. त्या एका विद्यार्थिनीने विचारले नसते तर वर्गातील इतर जण कर्जतच्या पट्ट्यात कातकरी नाही, एवढे ज्ञान घेऊन बाहेर पडले असते. आणि त्यांतील काही आज स्वतः शिकवीत आहेत.

६

ह्या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. थरांचा क्रम हाही एक युक्तिवाद असू शकतो. कालक्रमाने जुने खाली व नवे वर दाखविणे हे सयुक्तिक नाही काय? आक्षेप योग्य आहे. क्रम नसावाच, असे आमचे म्हणणे नाही. तसे शक्यही नाही. क्रम हेतुपूर्वक असावा आणि तो हेतू चित्राखालील ओळीत सांगितलेला असावा, एवढेच म्हणणे आहे. न सांगितलेला युक्तिवाद खोडून काढता येत नाही, म्हणून तो शास्त्रात बसत नाही.

व्यवहारात पुढील पथ्ये पाळणे कठीण नाही. क्षेत्रांचे रंग खालच्या थरावर आणि त्यांच्या सीमारेषा मुख्य थरावर ठेवाव्यात, म्हणजे रंग झाकला गेला तरी सीमा दिसते. एक क्षेत्र दुसऱ्याच्या पूर्ण आत असेल तर लहान वर ठेवावे. क्षेत्रे छेदणारी असतील तर रेघांची छाया वापरावी, किंवा एकाच मापाचे स्वतंत्र आलेख शेजारी शेजारी द्यावेत. जागा जास्त लागेल, पण अन्याय होणार नाही. वाचकाने आकडे वाचावेत अशी अपेक्षा असेल तर जाळी व अक्ष छायेच्या वर आणावेत. पीजीएफप्लॉट्समध्ये ‘अ‍ॅक्सिस ऑन टॉप’ ह्या एका सूचनेने ते साधते. आणि ज्या बोलीला सलग क्षेत्र नाही तिला छाया देऊच नये. तिच्या वस्त्या बिंदूंनी दाखवाव्यात आणि ते बिंदू सर्व छायांच्या वर असावेत.

ह्या सर्वांपेक्षा सोपी अशी एक कसोटी आहे. आलेख पुरा झाला की थरांचा क्रम उलटा करून तो पुन्हा छापावा आणि विषय न जाणणाऱ्या एखाद्या सहाध्यायाला दोन्ही प्रती दाखवाव्यात. दोहोंवरून तो एकच निष्कर्ष काढील तर आलेख निर्दोष समजावा. निष्कर्ष बदलला तर जे विधान सामग्रीत नाही ते आपल्या चित्रात शिरले आहे, असे समजून काम पुन्हा हाती घ्यावे. वर्गातील त्या आलेखाची ही कसोटी लेखकाने नंतर घेतली. उलट्या क्रमात कातकरी दिसली, ठाकरी दिसली, आणि मराठीही दिसली. कारण मोठ्या क्षेत्राला खाली ठेवल्याने त्याचे काही बिघडत नाही. त्या विद्यार्थिनीला सुधारलेली प्रत दिली तेव्हा तिने ती दिव्याच्या उजेडात धरून पाहिली आणि म्हणाली, “आता वाडीची नावेही घाला, सर.” ती नावे घालण्यासाठी प्रथम वाडीवर जावे लागेल, आणि तेही पावसाळ्यात, भट्ट्या बंद असताना.